धक्क्यावरची फियाट

चिंतामणराव ते वाक्य बोलले तेव्हा कापसावर बसले होते, हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं. खुर्चीवर बसलेला माणूस बोलण्याआधी निदान घसा तरी खाकरतो. कापसाच्या ढिगावर बसलेला माणूस आधी कमरेपर्यंत खचतो, मग त्याच्या अंगात ऊब चढते, डोळे अर्धे मिटतात आणि आपल्याला जगात अशक्य असं काही नाही, असं त्याला वाटायला लागतं.

खामगावच्या त्यांच्या घरात तेव्हा बसायला दुसरी जागाच नव्हती. पुढच्या खोलीत कापूस, माजघरात कापूस, पलंगावर कापूस आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये पार पत्र्यापर्यंत कापूस. हा सगळा माल उत्तमरावांचा, म्हणजे चिंतामणरावांच्या धाकट्या बहिणीच्या, सिंधूताईंच्या यजमानांचा. जळगाव जामोदच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची शेती. आदल्या साली कापसाला असा भाव आला होता की लोकांनी तुळशीवृंदावन तेवढं सोडून बाकी सगळीकडं बीटी लावली. यंदा बियाण्याची पाकिटं रांगेत उभं राहून घेतली, फवारे मारले, माल घरात आला आणि भाव मात्र खाली येऊन बसला तो उठेचना. गावात भलेभले हाय खाऊन बसले. उत्तमराव हाय खाणाऱ्यातले नव्हते. "इकतच नाही बाप्पा," त्यांनी जाहीर केलं, "भाव वाढला का मंग पाहू." पण मुलीचं, भार्गवीचं, लग्न चैत्रात ठरलेलं. लग्नघराला रंग द्यायचा तर घर रिकामं पाहिजे. म्हणून कापूस मामाच्या घरी आला. मामाच्या घरी खाज आली. मामींनी, म्हणजे प्रतिमाताईंनी, महिनाभर एका हातानं पोळ्या लाटल्या आणि दुसऱ्या हातानं मान खाजवली.

लग्नाची याद करायला, म्हणजे कुणी काय करायचं ते लिहून काढायला, दोन्हीकडची मंडळी त्या ढिगांवरच बसली होती. अक्षर चांगलं म्हणून याद चिंतामणराव लिहीत होते. मांडव झाला, बँड झाला, पंगत झाली आणि नवरानवरीच्या गाडीचा विषय निघाला.

"गाडी पोरीकडून," मलकापूरचे नवरदेवाचे काका म्हणाले. "आमच्यात तशीच रीत हाये."

उत्तमरावांनी एकदा कापसाकडं पाहिलं, एकदा आढ्याकडं पाहिलं. सिंधूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. आपली बहीण पदर बोटाला गुंडाळते तेव्हा तिला रडू येत असतं, हे चिंतामणरावांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"गाडी मामाची!" ते म्हणाले.

स्वयंपाकघरात चहाची गाळणी खाली पडल्याचा आवाज आला.

"मामाकडं गाडी हाये?" काकांनी आदरानं विचारलं.

"फियाट आहे," चिंतामणराव शुद्ध भाषेत म्हणाले. (काही मोठेपणाचं सांगायचं असलं की त्यांच्या तोंडातली वऱ्हाडी तेवढ्यापुरती पुण्याला जाऊन येते.)

"आन् धक्का माराले चार जनं?" आतून प्रतिमाताईंचा आवाज आला. "तेबी लिहून घ्या यादीत."

पाहुण्यांना वाटलं, घरातलं काही सामान हलवायचं असेल.

या फियाटची हकिकत अशी. कापसातून सरकी काढायच्या ज्या जिनिंगमध्ये चिंतामणराव कारकून, तिथल्या म्हाताऱ्या शेटजींची ती गाडी. शेटजी वारले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या, आणि फियाट सरकीच्या पोत्यांमागं उभी राहिली. दुपारी डबा खाऊन चिंतामणराव तिच्यात जाऊन बसत. असे बारा वर्षं बसले. शेवटी शेटजींचा थोरला म्हणाला, "काका, तुम्हीच घेऊन जा. तुम्ही आत झोपलेले असता म्हणून भंगारवाला परत जातो." गाडी खामगावच्या बाजारपेठेतून वाजतगाजत घरी आली, म्हणजे तिच्या पुढं बैलजोडी होती आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. ते झालं दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षांत फियाट एकूण किती चालली असेल ते विचारू नये. ढकलली मात्र पुष्कळ गेली.

पण चिंतामणरावांची तक्रार नव्हती. संध्याकाळी कामावरून आलं की ते शेडमधल्या कापसात बोगदा करून गाडीच्या दारापर्यंत पोचत, आत बसत आणि दार लावून घेत. चारही काचांना बाहेरून कापूस टेकलेला. टिनाच्या भोकांतून कलतं ऊन येई, कापसात मुरे, आणि गाडीभर दुधात केशर टाकल्यासारखा उजेड पडे. बाहेरचा एक आवाज आत येत नसे. मग ते स्टिअरिंगवर हात ठेवत आणि निघत. पहिल्या दिवशी नांदुऱ्यापर्यंतच गेले. पुढं एक दिवस पूर्णेच्या पुलावर हळू केली, तर कपाळाला खरंच पाण्यावरचा गार वारा लागला. मग सातपुडा दिसायला लागला, आधी निळा, मग जांभळा. ढगातून पळस वर येत, पेटत आणि मागं जात. रस्ता पांढरा, शेतं पांढरी, आभाळ पांढरं, आणि कुठं काही घाई नाही. मागच्या सीटवर भार्गवी शालूत बसलेली असे. चिंतामणराव आरशात तिच्याकडं बघत आणि गाडी आणखी हळू करत.

कारण भार्गवी कॉलेजची तीन वर्षं त्यांच्याकडं राहिली होती. चिंतामणरावांना मूलबाळ नाही. त्या तीन वर्षांत घरात दोन वेण्या, एक सायकल आणि सतत चालू असलेला रेडिओ होता, आणि ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की नवराबायकोंनी पंधरा दिवस एकमेकांशी जरा मोठ्यानंच बोलून पाहिलं. तिला लग्नात द्यायला त्यांच्याकडं सोनंनाणं नव्हतं. गाडी होती. तिला आपल्या गाडीतून सासरी पोचवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांना फार म्हणजे फारच हवं होतं.

"भाजी लागून राह्यली खाली," टिनावर लाटणं आपटून प्रतिमाताई ओरडत. "या आता गावाहून परत."

स्वप्नातली गाडी उत्तम चालत होती. खरी चालवायची तर कय्यूमभाईंना बोलावणं भाग होतं. कय्यूमभाईंचं गॅरेज जलंब रस्त्यावर. जिनिंगमधल्या इंजिनांपासून ते दुधवाल्यांच्या लुनांपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ते आले, बोनेट उघडलं, आणि नाडी बघावी तसा इंजिनावर हात ठेवून उभे राहिले.

"पाहा बाबू, गाडीले तीन गोष्टी लागते. हवा, आग आन् पेट्रोल. हवा तं खुदाची हाये. आग देखतो." त्यांनी प्लग काढून सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी पडली. "आग बराबर. मंग पेट्रोल नाही येऊन राह्यलं." त्यांनी झाकणभर पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात ओतलं. "आता मारा."

फियाट अशी गरजली की वरचा अर्धा क्विंटल कापूस टपावर कोसळला. चिंतामणरावांचा चेहरा उजळला. दोन क्षणांत इंजिन बंद.

"पाह्यलं? वरून पाजलं तं पेते. खालून येतच नाही." कय्यूमभाईंनी कार्बोरेटर सोडवला, त्यातला जेट काढला आणि उजेडात धरला. सुईच्या नेढ्याएवढं भोक, आणि त्या भोकात एक पांढरा धागा. "कापूस!"

चिंतामणरावांनी तो धागा घेतला, हाताच्या सवयीनं दोन बोटांत ताणला आणि म्हणाले, "स्टेपल चांगला आहे. एकोणतीस तरी भरेल." (स्टेपल म्हणजे धाग्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. जिनिंगच्या खरेदी केंद्रावर गाडीगाडीतला कापूस चिमटीत घेऊन "कवडी आहे, ओल आहे, कचरा आहे" असं सांगण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.)

जेट साफ झाला, गाडी सुरू झाली, पुढचा कापूस बाजूला सारून कय्यूमभाईंनी नाक्यापर्यंत जाऊन ट्रायल घेतली. चिंतामणराव फाटकात नारळ घेऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. जेट काढला, पुन्हा धागा. कय्यूमभाई म्हणाले, शेडमधला कापूस उडून हवेतून आत जात असेल. मग हवेच्या तोंडाला प्रतिमाताईंच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला. बोनेटखाली गाडी डोक्यावर पदर घेऊन बसली, पण धागा आलाच. मग गाडी शेडमध्ये परत न नेता बाहेर गल्लीतच ठेवली. तरी धागा आला. आठवड्यात चार वेळा जेट साफ केला, आणि चारही वेळा स्टेपल एकोणतीस.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी चिंतामणरावांना सांगण्यासारखी वाटली नव्हती. फियाटच्या पेट्रोलचा काटा शेटजींच्या काळापासून फुल्लवर अडकलेला. टाकीत खरं किती आहे ते कळावं म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. तुरीची सरळ काडी घ्यायची आणि टाकीत सोडायची. पण नुसती काडी बाहेर काढून चष्मा लावेपर्यंत पेट्रोल उडून जाई. म्हणून ते काडीच्या टोकाला वीतभर कापूस मुरगाळून लावत. कापूस ओला राही, आणि ओल किती बोटं चढली ते आरामात मोजता येई. कापसाला तोटा नव्हताच. हात मागं केला की कापूस. काडी बाहेर येताना तिच्यावरचा फाया कधी निम्माच उरे, कधी उरतच नसे. पण तिकडं बघायला त्यांना वेळ कुठला? ते बोटं मोजत असत.

आणि बोटं कमी होत होती. आज सात, उद्या सहा, परवा साडेपाच. गाडी नाक्याच्या पुढं गेलेली नाही आणि पेट्रोल कमी! चिंतामणरावांच्या कारकुनी मेंदूत लख्ख प्रकाश पडला. पेट्रोल इंजिनात येत नाही, कारण टाकीत पुरेसं नाही. टाकीत नाही, कारण कुणीतरी काढतंय. त्यांनी सकाळ-संध्याकाळ काडी घालायला सुरुवात केली. संशय जास्त आला की दुपारीही घालत. पहिल्यांदा त्यांनी उंदरांवर आळ घेतला. मग शेजाऱ्यांवर. आणि पाचव्यांदा जेट साफ करायला कय्यूमभाई वाकले असताना, नको ते त्यांच्या तोंडून निसटलंच.

"नाही, म्हणजे ट्रायलला गाडी तुमच्याच हाती असते ना, कय्यूमभाई. पेट्रोल फार उतरून राह्यलं."

कय्यूमभाई सरळ झाले. त्यांनी हात पुसले, पाने एकेक करून पिशवीत टाकले.

"बाबू, तीस साल झाले हे हात पेट्रोलमधे हायेत. रोज्यात पाइप तोंडानं ओढावा लागते तं मी गिऱ्हाइकाले वापस पाठवतो, का घोट पोटात गेला तं रोजा तुटन. हरामाचा घोट तुमच्या टाकीतून कायले पिऊ?"

आणि ते निघून गेले. चहा पुढं आणलेल्या प्रतिमाताई तशाच उभ्या राहिल्या.

"धन्य हाये तुमची," त्या म्हणाल्या. "ज्यानं गाडीत जीव टाकला त्यालेच चोर म्हनलं. आता तुम्हीच खांद्यावर घेऊन जा पोरीले मलकापूरले."

लग्न आठ दिवसांवर आलं. चिंतामणराव रोज सकाळी गल्लीतले चार जण गोळा करत आणि स्टिअरिंगवर बसत. खिडकीतून हात काढून "मारा धक्का!" म्हणत. उतार लागला की दुसऱ्या गिअरात क्लच सोडत, गाडी दोन उचक्या देई आणि गिरणीच्या कोपऱ्यावर मान टाके. धक्का देणाऱ्यांनी आधी चहा मागितला, मग पोहे, आणि चौथ्या दिवशी ते दुसऱ्या रस्त्यानं कामाला जाऊ लागले. कुणी बोनेटला लिंबू बांधायला सांगितलं, तेही बांधलं.

पाचव्या दिवशी उत्तमरावांचा फोन आला. "चिंतामणभाऊ, भाड्याच्या गाडीवाला घरापर्यंत आलता. म्या त्याले वापस लावलं. म्हनलं, मामाची गाडी हाये. मलकापूरवाल्यायच्या सगळ्या भाऊबंदात सांगून झालं. तुमच्या भरवशावर हाये बरं सगळं."

मग फोन भार्गवीनं घेतला. "मामा, मी साऱ्या मैत्रिनीयले सांगतलं, मी मामाच्या फियाटमधी जाईन म्हून. अत्तर मारून ठेवजा गाडीत."

"हाव बेटा," चिंतामणराव म्हणाले. फोन ठेवल्यावर ते गाडीत जाऊन बसले नाहीत. चपला घातल्या आणि जलंब रस्त्याला लागले.

कय्यूमभाई गॅरेजसमोरच्या बाकावर बसून बशीतून चहा पीत होते. बाक लाकडी होता, कडक होता, आणि त्यावर बसून माणसाला खरं बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. "चुकलं माझं," चिंतामणराव म्हणाले. "लाज वाटून राह्यली मले. पोरगी वाट पाहून राह्यली, तिच्यासाठी या."

कय्यूमभाईंनी उरलेला चहा दुसऱ्या बशीत ओतून पुढं केला. मग म्हणाले, "पोरीचं तं करूच. चाला, टाकीच उतरवू."

भर सकाळी गल्लीत टाकी खाली उतरली. बघायला अख्खी आळी जमली, धक्का चुकवणारेही आले. कय्यूमभाईंनी काट्याच्या जागचं झाकण सोडलं, तारेला आकडा केला, आत घातला आणि ओढला. पेट्रोलनं थबथबलेला, लांबट, मुरगाळलेला एक फाया बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा हातात हात घालून आले. कय्यूमभाई काढत गेले आणि प्रतिमाताई वर्तमानपत्रावर मांडत गेल्या. एकतीस झाले, वर मूठभर नुसता पिंजलेला.

"फाया कोनी मुरगाळला हा?" कय्यूमभाईंनी विचारलं. "हाताचा हाये. मशिनीचा नाही."

प्रतिमाताईंनी एक फाया नाकाशी न्यायच्या आधीच ओळखला. "असा फाया आमच्या घरी एकच मानूस करते. थंडीत कानात घालाले."

सगळी आळी चिंतामणरावांकडं बघायला लागली.

"मी पेट्रोल मोजत होतो," चिंतामणराव म्हणाले.

"कोनी चोरते म्हून?"

"हाव."

कय्यूमभाई आधी खोकले, मग हसले, मग रस्त्यावरच बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "सापडले तुमचे चोर, बाबू. एकतीस जनं. पोट भरून पेट्रोल पेले आन् अंदरच झोपले."

वीस वर्षं चिंतामणराव लोकांच्या कापसातून कचरा काढत आले होते. एवढ्याशा वाळक्या पानासाठी त्यांनी कितीकांच्या गाड्या खालच्या प्रतीत टाकल्या होत्या. आज कापूसच कचरा झाला होता आणि तो त्यांनीच घातला होता. त्यांना खाली मान घालावीशी वाटली आणि त्यांनी ती घातली.

टाकी धुतली, नळी फुंकली, जेट बसवला. फियाट पहिल्याच फेरीत सुरू झाली आणि सुरूच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी लांबची ट्रायल म्हणून कय्यूमभाईंनीच ती भार्गवीच्या गावापर्यंत आणली. चिंतामणराव शेजारी बसले होते. नांदुरा खरा आला, पूर्णेचा पूल खरा आला, पुलावरचा वारा स्वप्नातल्यापेक्षा गरम होता पण खरा होता. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचे ढीग, मधूनच एखादा उशिराचा पळस, आणि समोर सातपुडा. चिंतामणरावांनी अर्धा रस्ता डोळे मिटून घेतले, आणि पहिल्यांदाच मिटलेल्या डोळ्यांपुढं आणि उघड्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. घरी पाहुणे यायचे होते म्हणून कय्यूमभाई तिथून एसटीनं परतले. जाताना बजावून गेले, "काडी घालू नका, बाबू."

लग्न लागलं. मामा म्हणून चिंतामणरावांनीच भार्गवीला मांडवात आणलं. पंगती उठल्या. ऊन कलायला लागलं आणि पाठवणीची वेळ आली. फियाट मांडवासमोर उभी, झेंडूच्या माळा घातलेली, आत मोगऱ्याचं अत्तर मारलेलं. भार्गवी आणि नवरदेव सोहम मागं बसले. सिंधूताई दाराला धरून रडत होत्या, उत्तमराव उगाच टायर दाबून बघत होते, आणि मलकापूरची मंडळी आपापल्या गाड्यांत बसून वाट बघत होती. डोक्यावर फेटा बांधलेले चिंतामणराव स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली. अर्धी फिरायच्या आत इंजिन सुरू झालं, असं गोड, असं एकसारखं, की बँडवाल्यांनीही माना डोलावल्या.

चिंतामणरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"हं! मारा धक्का!"

कुणी हललं नाही.

"मामा, चालू हाये ना जी गाडी!" कुणीतरी म्हणालं.

"चालूच आहे," चिंतामणराव म्हणाले. "पण धक्का मारा."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. चिंतामणरावांनी पायाखाली पाहिलं. तिथं तीन पेडल होते. दोन वर्षांत कधी सपाटीवर, सुरू असलेली गाडी, आपणहून पुढं न्यायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. चालू गाडी नेहमी कय्यूमभाईंच्या हाती असे. बंद गाडी यांच्या. स्वप्नात मात्र ते रोज साठ-साठ किलोमीटर जात. (लायसन होतं. त्याच्या परीक्षेला गाडीनं इंग्रजी आठ काढून दाखवायचा होता, तेव्हा परीक्षा घेणारे साहेब जेवायला गेले होते.)

प्रतिमाताई खिडकीशी आल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्हाले चालवता येते ना?"

चिंतामणरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "उतारावर येते," ते म्हणाले. "मागून चार जनं असले तं."

बँड थांबला. उत्तमरावांचा हात टायरवरच राहिला. मलकापूरचे काका गाडीतून उतरून घड्याळ बघू लागले. सिंधूताईंनी रडता रडता पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि ते आरशात दिसल्याबरोबर चिंतामणरावांना वाटलं, जमीन दुभंगून फियाटसकट आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"सरका मामा," मागून आवाज आला.

"तू?"

भार्गवी उतरून पुढच्या दाराशी आली होती. शालूचा पदर कमरेला खोचलेला. "मंग ह्या साली कापसाचा ट्रॅक्टर तुमच्या घरी कोन घेऊन आलतं? दोन खेपा केल्या म्या." (चिंतामणराव त्या दोन्ही खेपांना शेडमध्ये, गाडीत बसून, नांदुऱ्याच्या पुढं गेलेले होते.)

"अव, पन नवरी मानूस..." सिंधूताई म्हणाल्या.

"नवरीले पोहोचाचं हाये का नाही?"

सोहम चांगला मुलगा होता. कट्यार घट्ट धरून तो मुकाट्यानं पुढं डाव्या बाजूला जाऊन बसला. मागची सीट रिकामी झाली. नवरीसोबत पाठराखीण जायला हवी, पण तिच्यासाठी ठरलेली चुलत बहीण केव्हाच मलकापूरच्या जीपमध्ये जाऊन बसली होती. तेव्हा चिंतामणरावच मागं बसले. मांडीवर दोघांचे हार, बाजूला शिदोरीची टोपली आणि रुखवताचं ताट. हिरव्या चुड्याचे हात स्टिअरिंगवर पडले, फियाट हळूच पुढं सरकली, आणि कुणी धक्का दिला नसताना जाऊ लागली.

बाहेर अजून झळा होत्या. "मामा, ऊन लागन," भार्गवी आरशात बघून म्हणाली आणि आपला लाल शेला मागं टाकला. "फेटा काढा अन् हे घ्या डोक्यावरून." चिंतामणरावांनी तो घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि त्याच्या आड मनसोक्त रडून घेतलं. पोरगी चालली होती. आपल्याच गाडीतून चालली होती, आणि किती सुरेख चालवत होती. भार्गवीला रस्त्याकडं लक्ष द्यायचं होतं, तिला रडायला सवड नव्हती. तिच्या वाटणीचंही तेच रडले. रडता रडता अत्तराच्या वासानं आणि इंजिनाच्या आवाजानं त्यांचा डोळा लागला. मग पुन्हा रस्ता पांढरा झाला, आभाळ खाली आलं, आणि सगळं पुन्हा सावकाश चाललं.

मलकापूरला दिवेलागण झाली होती. दारात सुवासिनी ताटं घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढं नवरदेवाच्या आजी, तानुबाई. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नातसुनेला पहिला भाकरतुकडा आपण ओवाळायचा, असं त्यांनी साऱ्या घराला बजावून ठेवलेलं. गाडी थांबली. तानुबाई कुणाचं न ऐकता चाचपडत थेट मागच्या दाराशी गेल्या, कारण त्यांच्या जन्मात नवरी पुढच्या दारातून उतरली नव्हती.

दार उघडलं. आत लाल शेला, मांडीवर हार, आणि हुंदक्यांनी थकून गेलेला एक जीव. तानुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, कपाळी कुंकू लावलं, तोंडात साखर घातली. चिंतामणरावांनी अर्धवट झोपेत ती चघळली आणि वाकून नमस्कारही केला.

"लय रडली व माय पोरगी," तानुबाई कळवळून म्हणाल्या. "अंगानं भरलेली हाये. कामाची दिसते."

मग मायेनं तोंड कुरवाळायला त्यांनी हात पुढं केला. हात गालावरून खाली आला, मिशीवर थांबला, इकडून तिकडं एकदा फिरला आणि पुन्हा तिथंच थांबला.

तानुबाईंनी एक लांब सुस्कारा सोडला.

"असू दे बाप्पा," त्या मागच्या बायांना म्हणाल्या. "पदरी पडलं अन् पवित्र झालं."